जुन्या कॉम्प्युटरचा घरगुती स्टोरेज सर्व्हर : नागपूरच्या उन्हाळ्यातल्या नोंदी

७ एप्रिल २०२४, रविवार

आधी कारण लिहून ठेवते, म्हणजे पुढचे काही निर्णय का घेतले ते कळेल. २३ सप्टेंबर २०२३ च्या पहाटे अंबाझरी तलाव ओसंडला आणि डागा लेआउटमधल्या आईच्या तळमजल्यात पाणी शिरलं. कॉम्प्युटर जमिनीवर होता. बॅकअपची एक्सटर्नल डिस्क त्याच टेबलाच्या सगळ्यात खालच्या खणात होती. दोन्ही एकाच पाण्यात गेले. त्या डिस्कवर आजीच्या ओव्यांच्या १४ कॅसेटींची रेकॉर्डिंग होती. मूळ कॅसेटीही पलंगाखालच्या पेटीत होत्या, त्याही चिखलात गेल्या. २०१९ मध्ये मी ९ कॅसेटींच्या फायली माझ्या कॉम्प्युटरवर घेतल्या होत्या म्हणून तेवढ्या राहिल्या. ५ गेल्या त्या गेल्या.

आई आता आमच्याकडे प्रतापनगरला राहते. मी ठरवलंय की घरातले सगळे फोटो, कागदपत्रं आणि त्या ९ कॅसेटी एका जागी आणायच्या आणि त्यांच्या प्रती वेगवेगळ्या ठिकाणी ठेवायच्या.

यंत्र : २०१२ चा डेस्कटॉप. आय३-२१२० प्रोसेसर, एच६१ मदरबोर्ड, ४ जीबी रॅम. बोर्डावर साटाचे, म्हणजे डिस्क जोडायचे, ४ पोर्ट, सगळे जुन्या ३ गिगाबिट वेगाचे. साध्या हार्ड डिस्कला तेवढा वेग पुरून उरतो, त्यासाठी बोर्ड बदलायची गरज नाही.

आज फक्त साफसफाई केली. कॅबिनेट गच्चीवर नेऊन ब्लोअर मारला. प्रोसेसरच्या पंख्याखाली धुळीची गादीच बसली होती. थर्मल पेस्ट वाळून खडूसारखी झाली होती, ती स्पिरिटने पुसून नवी लावली. आधी बायोसमध्येच, म्हणजे मशीन सुरू होताना उघडता येणाऱ्या मूळ सेटिंगमध्येच, ९० अंशांच्या वर तापमान दिसायचं, आता ५६. बायोसची घड्याळाची बॅटरी, २०३२ चा सेल, मेलेली होती, तीही बदलली. पेस्ट १५० रुपये, सेल ४० रुपये.

९ एप्रिल, गुढीपाडवा

बर्डीवर, म्हणजे सीताबर्डीच्या बाजारात, जाऊन १२० जीबीची एसएसडी घेतली, १,०५० रुपये. ऑपरेटिंग सिस्टिम तिच्यावर राहील, डेटा वेगळ्या डिस्कवर. त्याच गल्लीत वापरलेली २ टीबीची हार्ड डिस्क १,८०० रुपयांत मिळाली. स्वस्त वाटली म्हणून तीही उचलली.

घरी आल्यावर स्मार्टची, म्हणजे डिस्क स्वतःच्या तब्येतीची जी नोंद ठेवते तिची, माहिती काढली. डिस्क ४१ हजारांहून जास्त तास चाललेली, म्हणजे पावणेपाच वर्षं अखंड. पाचव्या क्रमांकाच्या नोंदीत, म्हणजे बदलून टाकलेल्या सेक्टरच्या (डिस्कवरच्या छोट्या तुकड्यांच्या) खात्यात, ३१२. एकशे सत्त्याण्णवमध्ये, म्हणजे वाचता न येणारे आणि निर्णय बाकी असलेले, ८८. लांब चाचणी लावली तर ती अर्ध्यातच अपयशी ठरली.

१० एप्रिल, बुधवार

डिस्क परत द्यायला गेले. दुकानदार म्हणाला, "ताई, विंडोजमध्ये तर मस्त चालून राहिली नं." चालतच असेल. खराब सेक्टरवर जोवर काही लिहिलेलं नाही तोवर कोणतीही डिस्क मस्त चालते. मी मोबाइलवर काढलेला आकड्यांचा फोटो दाखवला. ३०० रुपये कापून त्याने पैसे परत केले.

वापरलेलं रॅम घ्या, कॅबिनेट घ्या, मॉनिटर घ्या. डेटाची डिस्क मात्र वापरलेली घेऊ नका. घ्यायचीच झाली तर दुकानातच पाच, एकशे सत्त्याण्णव आणि एकशे अठ्ठ्याण्णव हे तीन आकडे बघा. एकही आकडा शून्याहून जास्त असेल तर हात लावू नका.

१४ एप्रिल, रविवार

४ टीबीच्या दोन नव्या डिस्क आल्या. नेटवर्क स्टोरेजसाठी बनवलेल्या, प्रत्येकी ९,४०० रुपये. या कामातला सगळ्यात मोठा खर्च हाच.

ओपनमीडियाव्हॉल्ट ७ टाकलं, म्हणजे जुन्या कॉम्प्युटरचा स्टोरेज सर्व्हर करणारी ऑपरेटिंग सिस्टिम. ते डेबियन १२ या लिनक्सवर चालतं आणि ४ जीबी रॅममध्ये त्याची अडचण होत नाही. दुसरा पर्याय ट्रूनॅस होता, पण त्याला किमान ८ जीबी लागते. इन्स्टॉल करताना डेटाच्या दोन्ही डिस्कच्या केबल काढून ठेवल्या होत्या, तुम्हीही काढा. कोणती डिस्क पुसायची हे इन्स्टॉलर विचारतो, आणि तिथे बोट चुकलं तर परतीचा रस्ता नसतो.

इन्स्टॉल वीस मिनिटांत झालं. मग दोन्ही डिस्क लावल्या आणि मशीन आपोआप रीस्टार्ट व्हायला लागलं. कधी दोन मिनिटांनी, कधी अर्ध्या तासाने.

१६ ते १८ एप्रिल

तीन रात्री यात गेल्या. मला रॅमचा संशय आला. रॅम तपासणारा मेमटेस्ट रात्रभर चालवला, एकही चूक निघाली नाही. तरीही ६०० रुपयांची दुसरी रॅम आणली. फरक पडला नाही.

शेवटी एकच डिस्क लावून बघितली तर मशीन रात्रभर नीट चाललं. दोन लावल्या की बंद. तेव्हा लक्षात आलं की खोट एसएमपीएसमध्ये, म्हणजे सगळ्या मशीनला वीज पुरवणाऱ्या डब्यात, आहे. साडेतीन इंची डिस्क फिरायला सुरुवात करते त्या क्षणी १२ व्होल्टच्या लाइनवर जवळपास २ अँपिअर ओढते. बारा वर्षांच्या एसएमपीएसला एकाच वेळी दोन डिस्क झेपत नव्हत्या. उघडून बघितला तर तीन कपॅसिटरची डोकी फुगलेली. उघडण्याआधी वायर काढून बराच वेळ थांबले होते, कारण आत साठलेला करंट लगेच उतरत नाही.

१९ एप्रिल, शुक्रवार

सकाळी लवकर मतदान करून आलो. नवा ४५० वॉटचा एसएमपीएस कालच आणून ठेवला होता, १,८५० रुपये. सुट्टी मिळाल्यामुळे तो निवांत बसवता आला. त्यासोबत दोन नव्या साटा केबलही, १६० रुपये. संध्याकाळपर्यंत एकदाही रीस्टार्ट नाही.

जुनं मशीन घ्याल तर एसएमपीएस पहिल्याच दिवशी बदला. मी तो शेवटी बदलला म्हणून तीन रात्री आणि रॅमचे ६०० रुपये गेले.

२१ एप्रिल, रविवार

दोन्ही डिस्कचं मिरर, म्हणजे रेड १, तयार केलं. एकावर लिहिलं की दुसरीवर आपोआप लिहिलं जातं. पहिल्यांदा दोन्ही डिस्क जुळवून घ्यायला साडेसात तास लागले. तोवर फायली टाकता येतात, पण मी वाट बघितली.

संध्याकाळी लॅपटॉपवरून कॉपी सुरू केली. वेग सेकंदाला ११ एमबी. ४०० जीबी जायला दहा तास लागले असते. ११ हा आकडा दिसला की समजायचं, लाइन शंभर मेगाबिटवर चाललीय. गिगाबिटवर हाच आकडा शंभराच्या पुढे जातो.

भिंतीतून आलेल्या लॅन केबलचं टोक बघितलं. ज्याने फिटिंग केलं त्याने आठपैकी चारच तारा जोडल्या होत्या. शंभर मेगाबिटला चार पुरतात, गिगाबिटला आठही लागतात. बाकीच्या चार तारा मागे वळवून टेपखाली दाबलेल्या होत्या, पण त्या इतक्या आखूड कापलेल्या की पुन्हा क्रिंप होईनात, म्हणजे प्लगमध्ये दाबून बसेनात.

२८ एप्रिल, रविवार

नवी कॅट ६ केबल टाकली, दोन्ही टोकांना आठही तारा. क्रिंपिंगसकट ६०० रुपये. वेग तरीही ११. आता राउटरवर शंका आली. त्याच्या मागचे पोर्टच शंभर मेगाबिटचे निघाले. ९५० रुपयांचा पाच पोर्टचा गिगाबिट स्विच, म्हणजे लॅनच्या वायरी एकमेकींना जोडायची डबी, घेतला, लॅपटॉप आणि सर्व्हर त्यात लावले, आणि स्विचमधून एक वायर राउटरला. वेग १०८ एमबी. उरलेले फोटो तासाभरात गेले. मोबाइल अजून राउटरच्या वायफायवरूनच येतात, त्यांचा वेग कमीच आहे, पण फोटो बघायला तेवढा पुरतो.

सर्व्हर कुठे ठेवायचा, हाही प्रश्न आज आला. पूर बघितल्यावर जमिनीवर ठेवायची माझी हिंमत नाही. म्हणून माळ्यावर चढवला. कोरडी जागा, मुलाचा हातही पोचत नाही.

१ मे, बुधवार

या दिवसाची नोंद सगळ्यात महत्त्वाची म्हणून सविस्तर लिहिते.

माझा मुलगा नऊ वर्षांचा. त्याला लॅपटॉपवर गेमसाठी जागा हवी होती. 'जुने' नावाचा फोल्डर दिसला आणि त्याने तो डिलीट केला. तो सर्व्हरवरचा शेअर होता. नेटवर्कवरच्या फोल्डरमधून काही उडवलं तर ते विंडोजच्या रिसायकल बिनमध्ये जात नाही, थेट जातं. आणि मिररने त्याचं काम चोख केलं. एका डिस्कवरून जे गेलं ते त्याच क्षणी दुसरीवरूनही गेलं.

'जुने'मध्ये आजीच्या कॅसेटी होत्या.

मुलगा रडत होता. आई काही बोलली नाही. कूलर सुरू होता त्याच्यासमोर जाऊन बसली. सर्व्हरवर गेल्या आठवड्यात कॉपी केलेलं सगळं लॅपटॉपवर अजून होतं, म्हणून अर्ध्या तासात ते परत आलं. लॅपटॉपमधून काढून टाकायचं काम मी येत्या रविवारसाठी ठेवलं होतं. चार दिवस उशीर झाला असता तर उरलेल्या नऊही गेल्या असत्या.

मिरर एकाच गोष्टीसाठी उपयोगाचं आहे : एक डिस्क मेली तरी काम थांबत नाही. दुकान चालवत असाल, ऑफिस चालवत असाल तर ते हवंच. घरात एक दिवस सर्व्हर बंद राहिला तर काही बिघडत नाही. घराला भीती असते चुकून डिलीट होण्याची, व्हायरसची आणि पाण्याची. त्यातल्या एकाशीही मिररचा संबंध नाही.

५ मे, रविवार

मिरर मोडलं. आता पहिली डिस्क रोजच्या वापराची. दुसरी नेटवर्कवर कुणालाच दिसत नाही. रोज रात्री १० वाजता आरस्नॅपशॉट हा बॅकअपचा प्रोग्रॅम पहिलीची प्रत दुसरीवर काढतो. मागच्या ७ दिवसांच्या सात आणि ४ आठवड्यांच्या चार अशा प्रती राहतात. जी फाइल बदललेली नाही ती पुन्हा लिहिली जात नाही, जुन्या फाइलचाच दुवा ठेवला जातो. म्हणून अकरा प्रती असूनही जागा थोडीच लागते.

शेअरच्या सेटिंगमध्ये रिसायकल बिनचा एक पर्याय असतो, तोही चालू केला. मग मुलालाच बोलावून एक चाचणीचा फोल्डर डिलीट करायला सांगितला आणि तो परत कसा आणायचा ते त्याच्याकडून करून घेतलं.

१२ मे, रविवार

आईच्या फायलींचा घोळ. ९ कॅसेटींच्या २३४ फायली, कॉपी झाल्या १९३. एकेचाळीस फायलींना 'नाव फार लांब आहे' असा संदेश. १ मे रोजी घाईत परत आणताना मी मोजणी केलीच नव्हती, आज केली.

आई फाइलला नाव देते ते असं : 'आजीच्या ओव्या पवनीच्या घरी मोठ्या मामाच्या लग्नाच्या हळदीच्या आदल्या रात्री जात्यावर दळताना बाजू अ'. विंडोज हे चालवून घेतं, कारण तिथे २५५ अक्षरांची मर्यादा आहे. सर्व्हरवरच्या ईएक्सटी४ मध्ये, म्हणजे लिनक्सच्या डिस्क फॉरमॅटमध्ये, मर्यादा २५५ बाइटची आहे. देवनागरीतलं प्रत्येक चिन्ह ३ बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलंत हे सगळे वेगळे मोजले जातात. वरचं नाव एक्सटेन्शन आणि मधल्या जागा धरून २७२ बाइट भरतं. हिशोब सोपा ठेवायचा तर मराठी नाव ८० चिन्हांच्या आत ठेवा, काना-मात्रा मोजून.

मी आईला म्हटलं, नावं छोटी करू. ती म्हणाली, "मग कोणत्या लग्नातली ओवी हे कोण सांगेल तुला?" बरोबर होतं तिचं. मग प्रत्येक कॅसेटीसाठी एक साधी टेक्स्ट फाइल केली. त्यात आई सांगत गेली आणि मी लिहीत गेले : कुणाचं लग्न, कोणतं गाव, जात्यावर समोर कोण बसलं होतं. दोन दुपारी लागल्या. फायलींची नावं आता 'कॅसेट ०३ बाजू अ ०७' अशी आहेत, आणि मजकूर शेजारी आहे. पूर्वी एका नावात मावत नव्हतं त्याच्या दहापट आता लिहून झालंय.

१९ मे, रविवार

माळ्यावरची डिस्क दुपारी ३ वाजता ५७ अंश. डिस्कवर ६० अंशांची कमाल मर्यादा छापलेली आहे. आमचं घर बैठं, वर सरळ गच्ची, आणि माळ्याचं छत म्हणजे उन्हात तापलेला स्लॅब. पुराच्या धास्तीने मी सर्व्हर उचलून भट्टीत नेऊन ठेवला होता.

खाली आणून कूलरच्या खोलीत ठेवून बघितला. डिस्क ४३ वर आली. पण आठवड्याभरात कॅबिनेटच्या स्क्रूंवर गंजाची छटा दिसली. कूलरची हवा दमट, आणि तिच्यासोबत आलेली धूळ ओली होऊन पंख्याच्या पात्यांवर चिकटते. वाळल्यावर ब्लोअरनेही निघत नाही.

२६ मे, रविवार

नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात कडक नऊ दिवस, कालपासून सुरू झाला. सर्व्हर आता मधल्या पॅसेजमध्ये, भिंतीला ठोकलेल्या लोखंडी अँगलवर, जमिनीपासून साडेचार फुटांवर. बाहेरची भिंत नाही, त्यामुळे ऊन लागत नाही. कूलरची हवा फिरून येते, थेट झोत येत नाही. आईच्या घरात पाणी पावणेतीन फुटांपर्यंत चढलं होतं, ती खूण अजून भिंतीवर आहे. तिच्यावर पावणेदोन फूट धरून ही उंची घेतली.

कॅबिनेटच्या पुढे १२० मिलिमीटरचा पंखा लावला, ३५० रुपये, हवा सरळ डिस्कवर. दोन डिस्कच्या मध्ये एक खाना रिकामा सोडला. नुसत्या त्या मोकळ्या खान्याने वरची डिस्क ४ अंशांनी उतरली. पंख्यावर मच्छरदाणीची जाळी ताणून बसवली, दर रविवारी ती झटकायची.

३० मे, गुरुवार

आज शहरातल्या एका स्वयंचलित केंद्रावर ५६ अंश दिसल्याची बातमी सगळीकडे फिरली. त्यामागे सेन्सरचा बिघाड असल्याचं नंतर हवामान खात्याने सांगितलं. ते वाचून मीही डिस्कच्या आकड्याची खातरजमा केली. साधा थर्मामीटर कॅबिनेटमध्ये डिस्कला टेकवून तासभर ठेवला. डिस्क सांगते ४६, थर्मामीटर ४४. भरवसा ठेवायला हरकत नाही.

२ जून, रविवार

विजेचं प्रकरण. हे महिनाभर मागे लागलं होतं, आज निस्तरलं म्हणून एकत्र लिहिते.

घरात इन्व्हर्टर आहे, म्हणून यूपीएस लागणार नाही असं मी धरून चालले. लाइन गेली की दिवे क्षणभर मिचकतात आणि इन्व्हर्टरवर सुरू होतात. दिव्याला तो क्षण चालतो, कॉम्प्युटरला नाही. प्रत्येक वेळी सर्व्हर रीस्टार्ट. इन्व्हर्टरच्या मागे एक बटण असतं, ते 'यूपीएस' वर केलं. रीस्टार्ट थांबले. पण संध्याकाळी सगळ्या लेआउटचे कूलर आणि एसी सुरू झाले की व्होल्टेज उतरतं, आणि त्या मोडमध्ये इन्व्हर्टर कमी व्होल्टेज सहन न करता बॅटरीवर उडी मारतो. लाइन असतानाही बॅटरी खर्च. रात्री खरंच लाइन गेली तेव्हा पंखे तासाभरात बंद पडले आणि आईला झोप लागली नाही. बटण परत जुन्या जागी केलं.

मग ६०० व्हीएचा छोटा यूपीएस घेतला, २,७०० रुपये, आणि तो इन्व्हर्टरच्या लाइनवरच लावला. इन्व्हर्टर बदलायला जो क्षण घेतो तेवढा यूपीएस सांभाळतो. पण या यूपीएसला यूएसबी नाही, म्हणजे लाइन गेलीय हे सर्व्हरला कळायचा मार्ग नाही.

त्यासाठी अडगळीतला जुना राउटर काढला. तो मुद्दाम इन्व्हर्टर नसलेल्या सॉकेटमध्ये लावला आणि स्विचला जोडला. आधी त्याचं नेटवर्कचे पत्ते वाटायचं काम बंद केलं आणि त्याला वेगळा पत्ता दिला, नाहीतर घरातल्या नेटचा गोंधळ होतो. सर्व्हर दर मिनिटाला त्याला हाक मारतो. सलग दहा मिनिटं उत्तर आलं नाही तर सर्व्हर स्वतः व्यवस्थित बंद होतो. तीन वेळा मेन स्विच पाडून बघितलं, तिन्ही वेळा बरोबर बंद झाला.

लाइन आल्यावर मात्र तो आपोआप सुरू होईना. बायोसमध्ये 'वीज आल्यावर सुरू' हा पर्याय केला होता, पण यूपीएसमुळे सर्व्हरची वीज कधी गेलेलीच नसते. म्हणून बायोसमध्ये रोजचा गजर लावला, सकाळी साडेसहा. दुसऱ्या दिवशी सर्व्हर दुपारी बारा वाजता सुरू झाला. लिनक्स बोर्डावरचं घड्याळ ग्रिनिचच्या वेळेवर ठेवतो, आपण साडेपाच तास पुढे. गजर रात्री १ वर ठेवला, आता सकाळी साडेसहाला बरोबर उठतो.

गजर आहेच, तर रात्री ११ ला बंदही करते. मैत्रिणीकडून प्लगमध्ये लावायचा वॉटमीटर आणून मोजलं : नुसता चालू असताना ४६ वॉट. चोवीस तास ठेवला असता तर महिन्याला ३३ युनिट, आता पावणेतेवीस. आमच्या बिलाच्या एकूण रकमेला युनिटांनी भागलं तर युनिट १३ रुपयांना पडतं, म्हणजे महिना साधारण एकशे तेहतीस रुपये वाचले.

९ जून, रविवार

आजवरचा खर्च २७,५५० रुपये. त्यातले १८,८०० नुसत्या डिस्कचे. वाया गेले ९०० : नको असलेली रॅम आणि परत दिलेल्या डिस्कची कपात. वेळ नऊ रविवार, आणि मधल्या सात-आठ रात्री.

धाकटा भाऊ वर्ध्याला असतो, बाहेरून फोटो बघता यावेत असं तो म्हणत होता. राउटरमध्ये पोर्ट, म्हणजे बाहेरून थेट आत यायचा रस्ता, उघडलेला नाही आणि उघडणार नाही. उघडा पोर्ट शोधत फिरणारी यंत्रं दिवसरात्र चालू असतात. दोन यंत्रांमध्ये खासगी जोडणी करून देणारं टेलस्केल टाकलं, त्याच्या मोबाइलवर आणि सर्व्हरवर. दहा मिनिटांचं काम.

२३ जून, रविवार

तिसरी प्रत. घरातली २ टीबीची एक्सटर्नल डिस्क सर्व्हरला लावून ईएक्सटी४ मध्ये फॉरमॅट केली, सगळं कॉपी केलं, आणि सकाळच्या गाडीने आईला घेऊन वर्ध्याला गेले. दोन्ही घरं एकाच पाण्यात सापडणार नाहीत, हा हेतू.

तिथे भावाच्या लॅपटॉपला लावली. विंडोजने विचारलं, फॉरमॅट करू का? ईएक्सटी४ त्याला वाचता येत नाही. मी नको म्हणून खिडकी बंद केली, पण विचार केला, मी तिथे नसते आणि भावाने हो म्हटलं असतं तर? बाहेर ठेवायची प्रत कोणत्याही साध्या लॅपटॉपवर उघडली पाहिजे. तिथेच टेलस्केलवरून सगळं नव्याने ओढायला त्याच्या नेटवर दोन दिवस लागले असते. म्हणून डिस्क परत आणली.

३० जून, रविवार

डिस्क विंडोजलाही वाचता येणाऱ्या एक्सफॅटमध्ये फॉरमॅट करून पुन्हा भरली. पुन्हा वर्धा. या वेळी लॅपटॉपवर सगळे फोल्डर दिसले. फाइल मोजल्या, २३४ पैकी २३४. भावाने 'कॅसेट ०३ बाजू अ ०७' लावली. आधी जात्याची घरघर, मग आजीने घसा साफ केला, मग ओवी. आई म्हणाली, मागे बांगड्या वाजताहेत त्या माझ्या.

ते टेक्स्ट फाइलमध्ये नव्हतं. परत आल्यावर लिहून ठेवलं.